परवान्यापासून परवानगीपर्यंत : संगणकावरील बिनतारी जोडणीच्या सूचनांचा इतिहास आणि यवतमाळ जिल्हा

प्रस्तावना :

वैयक्तिक संगणकाच्या पडद्यावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, अधूनमधून एक लहानशी चौकट उमटते. एखादे नवे बिनतारी उपकरण या संगणकाशी जोडणी करू इच्छिते, अशा आशयाचे एक वाक्य तीत असते आणि संगणक वापरणाऱ्याने होकार वा नकार द्यावा अशी अपेक्षा असते. बहुतेक वेळा हे वाक्य न वाचताच चौकट बंद केली जाते, किंवा कामात व्यत्यय नको म्हणून होकाराचे बटण दाबले जाते. संगणक प्रशिक्षणाच्या पुस्तकांतही हा विषय एखाद्या ओळीत संपतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ही चौकट इतकी क्षुल्लक वाटण्याचे कारण नाही. विसाव्या शतकात भारतात बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यासाठीही शासनाचा लेखी परवाना लागत असे. आज बिनतारी जोडणीची परवानगी संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीकडे मागितली जाते आणि ती दोन क्षणांत दिली जाते. अधिकाराचे हे स्थलांतर कसे घडले आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होतो, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) बिनतारी जोडणीच्या सूचनेची ऐतिहासिक वाटचाल समजून घेणे.
२) भारतातील बिनतारी कायद्यांचा आणि या सूचनेचा परस्परसंबंध तपासणे.
३) यवतमाळ जिल्ह्यातील सामायिक संगणकांच्या संदर्भात सूचनांच्या व्यवस्थापनाचा विचार करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कायदे, नियम, संगणक प्रणालींतील प्रत्यक्ष पर्याय आणि बिनतारी तंत्रज्ञानाच्या इतिहासातील ज्ञात घटना हा विवेचनाचा आधार आहे.

तार, घंटा आणि दूरचा संदेश :

कोणताही संदेश पोहोचण्यापूर्वी तो येत असल्याची जाणीव घेणाऱ्याला व्हावी लागते. तारयंत्राच्या काळात हे काम माणसे करीत. भारतात १८५५ मध्ये तारसेवा जनतेसाठी खुली झाली आणि १८७० पर्यंत वऱ्हाडचा कापूस रेल्वे व तार यांच्या साहाय्याने जगाच्या बाजारपेठेशी बांधला गेला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी या नावाने ओळखला जात असे. १९०५ च्या पुनर्रचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. कापसाचा भाव कळविणारी तार व्यापाऱ्याच्या हाती पडे, तेव्हा तिच्यामागे तार घेणारा कर्मचारी, ती लिहून काढणारा कारकून आणि दारापर्यंत आणणारा शिपाई अशी माणसांची साखळी असे. खेड्यात तर ‘तार आली’ हे दोन शब्दच पुरेसे असत. मजकूर वाचण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई, कारण वाईट बातमीखेरीज तार येत नाही असा लोकानुभव होता. सूचना मजकुराच्या आधी येते आणि ऐकणाऱ्याचे मन ती आधीच एका दिशेला वळविते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे संगणकावरील सूचनेलाही हाच नियम लागू पडला. भारतातील ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

बिनतारी लहरींनी मधली माणसे वगळली. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील प्रात्यक्षिकात भिंतींपलीकडे लहरी पाठवून दूरची घंटा वाजविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडविला. भारतभूमीवरील बिनतारी सूचनेचा हा आरंभ म्हणता येईल. एकाच लहरीने घंटाही वाजते आणि स्फोटही होतो, हा या प्रात्यक्षिकाचा अर्थ पुढील शंभर वर्षांच्या इतिहासाला लागू पडतो. लहर काय घडवून आणील हे ती ग्रहण करणाऱ्या टोकाला काय ठेवले आहे यावर अवलंबून असते.

परवान्याचा कालखंड :

लहरींना भिंत आणि सीमा नसल्यामुळे शासनसंस्थेला त्यांची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने संदेशवहनावर शासनाचा एकाधिकार प्रस्थापित केला होता. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि घराघरांत रेडिओ येऊ लागला. त्यानंतर १९३३ चा भारतीय बिनतारी तार अधिनियम संमत झाला व १ जानेवारी १९३४ पासून तो अमलात आला. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, यंत्राच्या गैरवापराबरोबरच परवान्याशिवाय यंत्र जवळ बाळगणे हाही त्यात गुन्हा ठरला. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी १०० रुपयांपर्यंत व त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी २५० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. त्या काळातील सामान्य माणसाच्या उत्पन्नाच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती.

१६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भातील श्रोत्याला स्वतःच्या भाषेतील केंद्र जवळ आले. रेडिओ घेणाऱ्याला टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. शेतीविषयक कार्यक्रम, बातम्या आणि बाजारभाव ऐकणाऱ्या कुटुंबासाठी परवान्याचे पुस्तक हे रेडिओइतकेच जपून ठेवण्याचे कागदपत्र होते. ही पद्धत १९८० च्या दशकात संपुष्टात आली. तोपर्यंत बिनतारी यंत्राच्या बाबतीत ‘परवानगी कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर एकच होते, ते म्हणजे शासनाची. या व्यवस्थेत नागरिकाचे स्वातंत्र्य मर्यादित होते. तथापि कोणते यंत्र कोणाच्या घरी आहे याची नोंद होती आणि जबाबदारी निश्चित होती.

परवानामुक्त लहरींचा उदय :

या चित्रात बदल घडविणारा निर्णय भारताबाहेर झाला. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपयोगासाठी राखून ठेवलेल्या काही लहरपट्ट्यांत परवान्याशिवाय संदेशवहन करण्यास मुभा दिली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांपैकीच एक होय. या पट्ट्यात पुढे वाय-फाय आणि ब्लूटूथ वाढले.

भारतात २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. प्रक्षेपकाची शक्ती कमाल १ वॉट व परिणामी प्रक्षेपित शक्ती कमाल ४ वॉट अशी मर्यादा घालण्यात आली. पट्टा सर्वांचा सामायिक राहील आणि दुसऱ्याच्या उपकरणामुळे होणाऱ्या व्यत्ययापासून कोणालाही संरक्षण मिळणार नाही, हे या सवलतीचे मूलतत्त्व होते. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या बाबतीतही अशीच व्यापक सूट देण्यात आली. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ व १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्याची तरतूद केली आणि त्यातील काही कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली.

२००५ च्या निर्णयाचे महत्त्व आर्थिक दृष्टीने पुष्कळ सांगितले जाते. त्याची दुसरी बाजू अशी की, शासनाने दारावरचा पहारा काढून घेतला. जवळपासचे कोणतेही उपकरण आता कोणत्याही संगणकाला साद घालू शकत होते. पहारा नाहीसा झाला नाही, तो संगणकाच्या पडद्यावर आला आणि पहारेकऱ्याचे काम वापरकर्त्याकडे सोपविले गेले.

ब्लूटूथ आणि सूचनेची चौकट :

ब्लूटूथचा विकास १९९४ पासून स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत झाला. १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्यासाठी संघटना स्थापन केली. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याच्या टोपणनावावरून हे नाव पडले. मूळ ब्लूटूथमध्ये लहर ७९ मार्गिकांमधून सेकंदाला १६०० वेळा उडी घेते. त्यामुळे गर्दीच्या पट्ट्यातही संभाषण चालू राहते.

वैयक्तिक संगणकाच्या दृष्टीने ऑगस्ट २००४ हा टप्पा महत्त्वाचा आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये ब्लूटूथची सोय मूळ प्रणालीतच अंतर्भूत केली. तिच्या पर्यायांत तीन स्वतंत्र प्रश्न होते : इतर उपकरणांना हा संगणक दिसावा काय, इतर उपकरणांना जोडणी करू द्यावी काय, आणि नवे उपकरण जोडणी करू इच्छित असल्यास तशी सूचना मिळावी काय. यांपैकी सूचनेचा पर्याय विंडोज १० व विंडोज ११ मध्येही ‘अधिक ब्लूटूथ सेटिंग्ज’ या चौकटीत जवळजवळ त्याच शब्दांत टिकून आहे. दोन दशकांत प्रणालीचे सारे रूप पालटले, परंतु हा प्रश्न पालटला नाही, ही बाब बोलकी आहे.

२००७ मध्ये ब्लूटूथच्या २.१ आवृत्तीने दोन्ही पडद्यांवर सहा अंकी संख्या दाखवून ती जुळते काय हे पाहण्याची पद्धत आणली. त्यापूर्वी ‘००००’ किंवा ‘१२३४’ असा सर्वांना ठाऊक असलेला क्रमांक पुष्कळ उपकरणांत वापरला जात असे. माऊस, कर्णयंत्र यांसारख्या पडदा नसलेल्या उपकरणांत मात्र संख्या ताडून पाहता येत नाही, तेथे सारा भरवसा वापरकर्त्याच्या होकारावरच राहतो. २०१८ मध्ये विंडोज १० मध्ये ‘स्विफ्ट पेअर’ ही सोय आली. जवळ आणलेले उपकरण संगणक स्वतःच ओळखतो आणि जोडणीचे निमंत्रण पडद्यावर दाखवितो. पूर्वी सूचना सावध करण्यासाठी होती, आता ती काम सोपे करण्यासाठीही आहे. एकाच चौकटीने हे दोन्ही उद्देश साधण्याचा प्रयत्न झाल्याने, सावधगिरीचा इशारा कोणता आणि सोयीचे निमंत्रण कोणते, हे वापरकर्त्याला ओळखणे अवघड झाले.

कंटाळ्याचा इतिहास : काबिर प्रकरण

सूचनेची मर्यादा जगाला प्रथम ठळकपणे दिसली ती जून २००४ मध्ये. ‘काबिर’ नावाचा संगणकीय किडा नोकियाच्या सिरीज ६० प्रकारच्या मोबाइल संचांत ब्लूटूथमार्गे पसरू लागला. ज्या देशांत तो सुरुवातीला आढळला त्यांत भारताचाही समावेश होता. हा किडा चोरवाटेने शिरत नसे. संदेश स्वीकारावा काय, असे तो संचाच्या मालकाला विचारी. नकार दिल्यास पुन्हा विचारी आणि संसर्ग झालेला संच जवळ असेपर्यंत विचारीतच राही. अखेरीस त्रासून माणूस होकार देई. ऑगस्ट २००५ मध्ये हेलसिंकी येथील जागतिक मैदानी स्पर्धेच्या वेळी प्रेक्षकांच्या गर्दीत त्याचा प्रादुर्भाव झाला होता.

काबिरने नुकसान फारसे केले नाही, परंतु एक सत्य उघड केले. परवानगी मागण्याची मर्यादा घातलेली नसेल, तर नकाराला अर्थ उरत नाही. टपाल कार्यालयातील परवाना एकदा नाकारला की विषय संपत असे. पडद्यावरील नकार मात्र पुढच्या सूचनेपुरताच असतो. म्हणूनच सूचनांचे व्यवस्थापन हा संगणकाच्या सौंदर्याचा वा सोयीचा प्रश्न मानून चालत नाही, तो नकाराचा अधिकार टिकविण्याचा प्रश्न आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण सप्टेंबर २०१७ मध्ये उघडकीस आलेल्या ‘ब्लूबोर्न’ या त्रुटीसमूहाचे होय. त्यात हल्लेखोराला जोडणीची परवानगी मागण्याची गरजच नव्हती. ब्लूटूथ चालू असणे एवढेच पुरेसे होते आणि पडद्यावर कोणतीही सूचना येत नसे. सूचना आली नाही म्हणजे जोडणी झाली नाही, असे मानणे त्यामुळे धोक्याचे ठरते. प्रणाली अद्ययावत ठेवणे आणि गरज नसताना ब्लूटूथ बंद ठेवणे हाच अशा वेळी उपाय असतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे जुने संगणक वापरणाऱ्या संस्थांनी या संदर्भात ध्यानात घ्यावयास हवे.

यवतमाळ जिल्ह्यातील सामायिक संगणक :

‘वैयक्तिक संगणक’ या शब्दातच एक गृहीतक दडलेले आहे : एक व्यक्ती, एक संगणक. सूचनेची सारी रचना या गृहीतकावर उभी आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत संगणकाचा प्रसार मात्र बहुतांशी सामायिक यंत्राच्या रूपाने झाला. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तालुक्याच्या गावी प्रशिक्षण केंद्रे आली. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे संगणक ग्रामपंचायतीत पोहोचला आणि पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ हे नाव खेडोपाडी रूढ झाले. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, ग्रंथालये, झेरॉक्सची दुकाने या सर्व ठिकाणी एक यंत्र आणि अनेक माणसे अशीच स्थिती असते.

अशा केंद्रावर शेतकरी पीकविम्याच्या अर्जासाठी सातबारा, आधारपत्र किंवा बँकेच्या पासबुकाचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊन येतो. ते संगणकावर घेण्याच्या मार्गांपैकी ब्लूटूथ हा एक मार्ग आहे. त्या वेळी उमटणाऱ्या सूचनेला उत्तर केंद्रचालक देतो, माहिती मात्र शेतकऱ्याची असते. काम संपल्यावर उपकरणाची जोडणी काढून टाकली नाही, तर ती संगणकाच्या यादीत तशीच राहते. मोबाइलला मालकाचे नाव दिलेले असल्यास ते नावही तेथे दिसते. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला ती यादी पाहता येते. यात कोणाचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. प्रश्न रचनेचा आहे : परवानगी एकाकडे मागितली जाते आणि तिचा परिणाम दुसऱ्यावर होतो.

भाषेची अडचण यात भर घालते. जिल्ह्यात मराठीबरोबर गोरमाटी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि तेलुगू बोलणारे लोक राहतात. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलाम समाजाची वस्ती आहे व शासनाने या समाजाची विशेषतः असुरक्षित आदिवासी गटांत गणना केली आहे. केंद्रावरील संगणकात सूचना बहुधा इंग्रजीत उमटते. विंडोजमध्ये मराठी भाषेची सोय उपलब्ध असूनही ती क्वचितच बसविली जाते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमाने संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. न समजणाऱ्या भाषेत, दुसऱ्याच्या बोटाने दिलेला होकार या कसोटीवर कितपत उतरतो, याचा विचार व्हावयास हवा.

कोविड काळातील अनुभवही येथे नोंदविण्याजोगा आहे. २ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने ‘आरोग्य सेतु’ ही मोबाइल प्रणाली आणली. संपर्क शोधण्यासाठी ब्लूटूथ सतत चालू ठेवण्याचे आवाहन त्या वेळी करण्यात आले. एकदा संमती दिल्यानंतर जवळून जाणाऱ्या प्रत्येक संचाशी होणाऱ्या संकेतांच्या देवाणघेवाणीची स्वतंत्र सूचना येत नसे. रोगनियंत्रणाचा हेतू मोठा होता आणि २०२२ मध्ये संपर्कशोधाची ती सोय थांबविण्यात आली. मात्र ब्लूटूथ बंद ठेवावे ही सावधगिरीची सवय आणि ते चालू ठेवावे हे सार्वजनिक आवाहन यांतील विसंगती सामान्य माणसाला कोणी समजावून सांगितली नाही.

सूचनांचे व्यवस्थापन :

वरील इतिहासाच्या प्रकाशात व्यवस्थापनाचे चार स्तर मांडता येतात. पहिला स्तर लहरींचा : गरज नसताना ब्लूटूथ पूर्णपणे बंद ठेवणे. दुसरा दृश्यतेचा : ‘इतर उपकरणांना हा संगणक दिसावा’ हा पर्याय फक्त जोडणीच्या वेळेपुरता चालू करणे. तिसरा सूचनेचा : नव्या उपकरणाच्या जोडणीची सूचना देणारा पर्याय सामायिक संगणकावर चालूच ठेवणे आणि त्रास वाटल्यास स्विफ्ट पेअरची निमंत्रणे तेवढी बंद करणे. त्रासाला कंटाळून सर्वच सूचना एका बटणाने बंद करण्याची प्रवृत्ती दिसते; त्यामुळे निमंत्रणाबरोबर इशाराही नाहीसा होतो. चौथा स्तर नोंदीचा : काम झाल्यावर जोडलेले उपकरण यादीतून काढून टाकणे. घरच्या संगणकावर पहिले तीन स्तर पुरेसे ठरू शकतात. सेवा केंद्रावर चौथ्याशिवाय उरलेले तिन्ही अपुरे आहेत.

निष्कर्ष :

१) बिनतारी जोडणीची सूचना ही शासकीय परवान्याची वारसदार आहे. परवानामुक्त लहरींमुळे परवानगीचा अधिकार शासनाकडून वापरकर्त्याकडे आला.
२) अधिकार हस्तांतरित झाला, परंतु तो बजावण्याचे शिक्षण त्यासोबत आले नाही.
३) वारंवार विचारणाऱ्या सूचनेमुळे नकाराचा अधिकार दुबळा होतो आणि काही धोके तर सूचनेविनाच येतात.
४) सामायिक संगणकावर सूचनेला उत्तर देणारी व्यक्ती व माहितीची मालक व्यक्ती भिन्न असते. यवतमाळसारख्या ग्रामीण व बहुभाषिक जिल्ह्यात हा भेद अधिक तीव्र होतो.
५) सेवा केंद्रांवर मराठी भाषेतील प्रणाली, ग्राहकाला सूचना वाचून दाखविण्याची पद्धत आणि दिवसअखेर जोडण्यांची यादी रिकामी करण्याचा नियम या तीन गोष्टी फारशा खर्चाविना अमलात आणता येतील.

समारोप :

टपाल कार्यालयातील परवान्याच्या पुस्तकावर नाव, पत्ता आणि तारीख असे. कोणी, कोणाला, कशासाठी परवानगी दिली हे पन्नास वर्षांनंतरही वाचता येई. पडद्यावरील होकार मात्र क्षणात दिला जातो आणि त्याचा अर्थ देणाऱ्यालाही बहुधा आठवत नाही. जुनी परवाना पद्धती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यातील एक गुण, म्हणजे परवानगी देणाऱ्याला आपण परवानगी देत आहोत याची असलेली जाणीव, नव्या व्यवस्थेत आणणे आवश्यक आहे. महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांतून याचा आरंभ सहज करता येईल, कारण उद्याचे केंद्रचालक, ग्रामसेवक आणि शिक्षक आज त्याच संगणकांसमोर बसलेले आहेत.